भटखडक

खाडीच्या मधोमध तो जो काळा, बसका खडक दिसतो आहे, तो भटखडक. आत्ता ओहोटी आहे म्हणून दिसतो. भरतीला पार बुडतो. ग्रामपंचायतीने काठावर पाटी लावली आहे, पण तिच्यावर खडकाची हकीकत नाही, पोहण्यास मनाई आहे. हकीकत सांगायचे काम अजून आमच्याकडेच आहे.

लग्न ठरले की भटजींना सुपारी द्यायची, हे सगळीकडे चालते. आमच्या शिरवल्यात ती भटजींना घरी नेता येत नाही. नवरी स्वतः अडकित्त्याने तिथल्या तिथे फोडते आणि भटजींनी ती तिच्यासमोर खायची. बाहेरगावचे भटजी गोंधळतात. खाल्लेली सुपारी परत करता येत नाही, एवढेच त्यांना समजावून सांगावे लागते.

याला कारण बाळंभट. पुष्कळ पिढ्यांपूर्वी खाडीच्या दोन्ही काठांना मिळून तो एकच भट होता, असे सांगतात. आवाज खणखणीत. मात्र त्याची मंगलाष्टके यजमान पाहून लांबत किंवा आखडत.

या काठावर आवडी नावाची विधवा राहत असे. तिच्या मुलीचे, चंदरीचे, लग्न एकदा भर मांडवात मोडले होते. मुहूर्त टळला आणि वऱ्हाड उठून गेले. उशीर वऱ्हाडालाच झाला होता म्हणे, पण ठपका चंदरीवर बसला. असे ठपके बसायला जागा फार शोधावी लागत नाही. दुसरे स्थळ मोठ्या मिनतवारीने जुळले. तेही मांडवातून परत गेले असते, तर तिसरे आले नसते.

म्हणून आवडीने बाळंभटाला फार आधी सुपारी दिली. त्याने ती उपरण्याच्या एका टोकाला बांधली. पुढे पलीकडच्या काठावरून खोताचे बोलावणे आले. त्याच्याकडेही त्याच दिवशी लग्न. खोताला नाही म्हणण्याची रीत नव्हती. ती सुपारी भटाने उपरण्याच्या दुसऱ्या टोकाला बांधली. त्याचा हिशेब सोपा होता. खोताकडचे लग्न दुपारी, आवडीकडचे गोरज मुहूर्तावर, मधल्या वेळी ओहोटी, तेव्हा चालतच खाडी ओलांडायची. पंचांगात सगळे नीट बसत होते. खोताचे व्याही तेवढे पंचांगात नव्हते. ते उशिरा आले, सावकाश जेवले, मानपानावरून रुसले आणि समजूत निघेपर्यंत रुसलेलेच राहिले. बाळंभट तिथून सुटला तेव्हा भरती लागली होती. होड्या सगळ्या खोताच्या वऱ्हाडासाठी वरच्या बंदराला नेलेल्या.

इकडे आवडीचा मांडव अगदी काठावर. घंगाळातल्या पाण्यावर शेवटचे घटिकापात्र सोडलेले. तळाला बारीक भोक असलेली ती तांब्याची वाटी. तिच्यात पाणी चढत जाते आणि ती बुडाली की मुहूर्त. नवऱ्याचा मामा, राघो, पात्रासमोर बसला होता तो हलायला तयार नव्हता.

"पात्र बुडेस्तोवर भट आला नाही तर आम्ही उठलो, आवडीबाय," तो म्हणाला. "मागच्या वेळचं आमच्या कानावर आहे."

"येतील मामा. माझ्या हातची सुपारी घेतलीय त्यांनी."

"सुपारी काय, माकडसुद्धा घेतं."

तेवढ्यात कुणीतरी खाडीकडे बोट दाखवले. बाळंभट त्या खडकावर उभा होता. पुढे खोल पाणी, मागे आलेली वाटही पाण्याखाली. पोहणे त्याला येत होते, पण भरतीच्या ओढीने त्याला वळणापलीकडे नेले असते आणि तिथून तो परत येईपर्यंत पात्र केव्हाच बुडाले असते. त्याने दोन्ही हात तोंडाशी धरून हाक दिली, "आवडे, अंतरपाट धरायला सांग. मी इथूनच म्हणतो. पात्र बुडालं की आवाज द्या."

वारा समुद्राकडून होता. शब्द न् शब्द ऐकू येत होता म्हणे.

त्याने सुरुवात केली. गरिबाघरी एरवी दोन-तीनात उरकायचा, पण त्या दिवशी उरकून चालणार नव्हते. शेवटचे 'सावधान' पात्र बुडतानाच पडायला हवे. पाणी त्याच्या घोट्याला होते ते गुडघ्याला आले, मग कमरेला. मघापर्यंत पात्र बुडू नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेली माणसे आता ते एकदाचे बुडावे म्हणून मान लांब करून बघू लागली. पात्राला दोन्हीचे सोयरसुतक नव्हते.

"भट जाईल हो," कुणी म्हणाले. "बोट लावा पात्राला."

"बोट लावलंत की लग्न मोडलं," राघो म्हणाला. "खोट्या मुहूर्तावर आमचा पोर उभा राहायचा नाही."

आवडीच्या तोंडून 'थांबा' निघेना आणि 'म्हणा'ही निघेना. पाणी भटाच्या छातीला लागले, गळ्याशी आले. त्याने गणपतीपासून नद्यांपर्यंत सगळे म्हणून संपवले आणि पुन्हा गणपतीवर आला. एका ओळीत आवाज तुटला. लाट तोंडावरून गेली होती. सगळा मांडव खाडीकडे वळला.

तेव्हा अंतरपाटाआडून चंदरी निघाली. एका हातात वरमाला. दुसरा, हळदीचा हात तिने घंगाळात घातला आणि पात्र तळाशी दाबून धरले.

पाहिले ते एकट्या राघोने. त्याने नुसते 'हात' म्हटले असते तरी पुरे होते. चंदरी आयुष्यभर आईच्या दारात राहिली असती. तिनेही हात काढला नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. राघोने तो पिवळा हात पाहिला. मग खाडीकडे पाहिले. तिथे आता नुसते डोके दिसत होते. तो उठला आणि सगळा जोर लावून ओरडला, "बुडालं!"

खडकावरून 'सावधान' आले, अर्धे पाण्यातूनच. अंतरपाट दूर झाला तेव्हा चंदरी आपल्या जागी उभी होती. अक्षता पडल्या. भरतीने बाळंभटाला वळणावरच्या खारफुटीत नेऊन टाकले, तिथून माणसांनी त्याला ओढून काढला. धोतर गेले होते. उपरणे होते, पण त्याची दोन्ही टोके सुटली होती. त्यानंतर जी सुपारी हातावर पडली, ती त्याने देणाऱ्यासमोरच फोडून खाल्ली.

राघोने जे पाहिले, ते मरेपर्यंत कुणाला सांगितले नाही. मग गावाला कसे कळले, असे सगळेच पाहुणे विचारतात. ते चंदरीने सांगितले, पुढे स्वतःच्या मुलीच्या लग्नात, तिचा हात धरून पात्रावर ठेवताना.

आजही शिरवल्यात मुहूर्त पंचांगातच बघतात, पण पात्र बुडवते नवरी. नवऱ्याच्या मामाने त्या वेळी समोर बसायचे, तिच्या हातावरून नजर काढायची नाही, आणि मोठ्याने म्हणायचे, बुडालं.