कालवा गल्लीची उघडी दारं

मगाशी गाडीतून उतरल्यावर तुमच्यातलं कोणीतरी हळूच विचारत होतं, या गल्लीत मयत झालीय का म्हणून. विचारणाऱ्याचं काही चुकलं नाही. चाळीस घरं, चाळीसही दारं सताड उघडी, डिसेंबरची ही बोचरी थंडी आणि माणसं कोट घालून दाराशी बसलेली. आपल्याकडे असं दृश्य एकाच कारणाने दिसतं. इथेही मयतच झाली आहे, फक्त तिला एकशे ऐंशी वर्षं होऊन गेली.

आज मतदान आहे. सकाळी सातला मतदान सुरू झालं की आम्ही दारं उघडतो आणि रात्री दहाला ते संपलं की लावतो. हीटरची सगळी ऊब समोरच्या कालव्यावर जाते. उमेदवारांची तर पंचाईतच, वाजवायला बंद दार सापडत नाही. मी कुमुद खानविलकर, मूळची चिपळूणची. १९७३ साली नर्स म्हणून या ऑर्मब्रिज गावात आले आणि इथलीच झाले. ही गोष्ट मला शेजारच्या मिसेस डॉसननी सांगितली, त्यांना त्यांच्या आजीने. इंग्रजीतले मूळ शब्द काय होते कोण जाणे, मी आपल्या भाषेत सांगते.

एकेकाळी ऑर्मब्रिज हा स्वतंत्र मतदारसंघ होता. लंडनच्या पार्लमेंटात या गावचा स्वतःचा एक खासदार बसायचा. वस्ती चौदा हजारांची आणि मतदार जेमतेम चारशे. ठरावीक भाड्याच्या वरचं घर ज्याच्या नावावर, त्या पुरुषालाच मत. बाकीच्यांनी नुसतं बघायचं. आणि मत गुप्त नव्हतं बरं का. चौकात लाकडी मंच बांधायचे. मतदाराने वर चढायचं, आपलं नाव सांगायचं आणि मत कोणाला ते साऱ्या गावासमोर मोठ्याने बोलायचं. खाली मालक उभा, मालकाचा कारभारी उभा. पुढे कोणी कोणाला मत दिलं त्याची छापील यादीसुद्धा निघायची. तेव्हा निवडणूक कशी होत असेल ते तुम्हीच समजा. गावातली मोठी गिरणी क्रॉसडेल नावाच्या मालकाची, ही चाळीस घरंही त्याचीच. तो ज्याच्यावर बोट ठेवी तो निवडून येई. पहिल्या निवडणुकीला तर त्याच्या माणसासमोर कोणी उभंच राहिलं नाही.

या गल्लीत चाळीस घरांत मिळून मत होतं एक. कोपऱ्यावरचं ते घर दिसतंय ना, निळ्या दाराचं, तिथे जोब क्लेग राहायचा. खाली दुकान, वर बिऱ्हाड, म्हणून भाडं जास्त आणि म्हणून मत. गिरणीतल्या कामगारांसाठी तो लाकडी तळाचे बूट बनवायचा. घरात बायको हॅना आणि सात वर्षांची मुलगी फीबी. फीबीची छाती जन्मापासून अधू होती. मी चौतीस वर्षं अशी पोरं सांभाळली आहेत. त्यांना औषधाआधी ऊब लागते.

१८३८ साल उजाडलं आणि क्रॉसडेलचा खासदार वारला. भर जानेवारीत पोटनिवडणूक लागली. त्या वर्षी थंडी अशी पडली होती म्हणे की कालव्यात होड्या होत्या तिथेच गोठून बसल्या. काम बंद, चुली थंड. नुकताच नवा कायदा आला होता, की ज्याला मदत हवी त्याने सरकारी गरीबखान्यात जायचं. आत गेल्यावर नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. हॅनाची सख्खी बहीण आदल्या वर्षी तिथे आत गेली होती. तिची तिन्ही मुलं भिंतीपलीकडे होती आणि दहा महिन्यांत तिला त्यांचं तोंड दिसलं नव्हतं. क्रॉसडेलचा उमेदवार या कायद्याच्या बाजूचा. या वेळी त्याच्यासमोर एक डॉक्टर उभा राहिला. हा गरीबखाना मोडून काढीन असं तो सांगत फिरायचा.

मग एका रविवारी सगळी गल्ली जोबच्या दुकानात आली. बाया, बाप्ये, पोरं. स्वतःचं मत कोणालाच नव्हतं, म्हणून त्याचं मागायला आली. पुढच्या हिवाळ्यात आपली पाळी आहे हे प्रत्येकाला दिसत होतं. जोब काही शूर माणूस नव्हता, असंच सगळे सांगतात. तरी उठून त्याने दाराच्या चौकटीवर हात ठेवला आणि शपथ घेतली. "मतदानाच्या दिवशी मी या घरातून निघेन तो तुमचं मत घेऊनच निघेन."

चाळीस घरांत बोललेली गोष्ट कितीशी लपणार? तिसऱ्या दिवशी कारभारी दोन सुतार घेऊन आला. दार दुरुस्तीला न्यायचंय म्हणाला. त्यांनी दार बिजागरीतून काढलं, खिडक्या काढल्या, गाडीत घातल्या आणि गेले. मतदानाला आठ दिवस होते.

यातली खोच समजून घ्या. मंचावर चढलेल्या माणसाला अधिकारी तीन प्रश्न विचारू शकत असे. यादीतला माणूस तूच का? आधी मत दिलंस का? आणि ज्या घरावर तुझं मत आहे त्या घरात अजून राहतोस का? जोबने थंडीला भिऊन घर सोडलं की मत गेलं. त्याला कोणी मारणार नव्हतं, धमकावणारही नव्हतं. जानेवारी आपलं काम करणार होता.

जोब आणि हॅनाने चौकटीत गोणपाटं टांगली, चामडी टांगली. कारभाऱ्याची माणसं रोज येऊन ती ओढून काढत. घर मालकाचं, भिंतीला खिळा मारायचा नाही. आत शेगडी पेटवली तरी सगळी ऊब बाहेर जाई. फीबीला दोघांच्या मधे घेऊन ती झोपत. जोब स्वतःचा कोट तिच्या पायांना गुंडाळी आणि सकाळी त्या कोटावर दंव असे.

तुम्ही म्हणाल, पोरीला शेजारी का नाही ठेवलं? तेच तर सांगायचंय. कारभाऱ्याने घरोघर जाऊन बजावलं होतं, क्लेगच्या माणसांना जो आत घेईल त्याचं घर आणि गिरणीतलं काम त्याच दिवशी गेलं. चौथ्या दिवशी फीबीला ताप भरला. हॅनाने तिला शालीत गुंडाळलं, कडेवर घेतलं आणि ती शेजारचं दार वाजवायला गेली. ते घर मार्था प्रीस्टलीचं. फीबी जन्मली तेव्हा नाळ कापणारी बाई ही मार्था. हॅनाने दार वाजवलं तसा आतला बोलण्याचा आवाज थांबला. दार काही उघडलं नाही. मग ती पुढच्या घरी गेली, मग त्याच्या पुढच्या. एकोणचाळीस दारं तिने वाजवली असं सांगतात. प्रत्येक दारामागे माणसं श्वास धरून उभी होती. रविवारी दुकानात येऊन मत मागणारी हीच ती माणसं.

ती परत आल्यावर जोब म्हणाला, "बास झालं. डोंगरापलीकडे माझ्या भावाकडे जाऊ. या बर्फातून पोरीला घेऊन तुला एकटीला जमायचं नाही, मलाही यावं लागेल. मत गेलं खड्ड्यात."

हॅना त्या उघड्या चौकटीकडे बघत बसली होती. ती म्हणाली, "माझ्या बहिणीची तिन्ही पोरं भिंतीपलीकडे आहेत. आता चारच दिवस राहिलेत."

तिला दोष देणारे पुष्कळ भेटतात. मी देत नाही. सहाव्या दिवशी फीबीचा ताप उतरला, तिने पाव मागून खाल्ला, बापाकडून बाहुलीला इवलेसे लाकडी बूट करून घेतले. दोघांना वाटलं, निभावलं. अशी पोरं जाण्याआधी एक दिवस टवटवीत होतात. मला वॉर्डात ते किती वेळा दिसलंय, आणि प्रत्येक आईचा चेहरा उजळलेला बघून माझ्याच्याने बोलवलं नाही. हॅनाला कोण सांगणार होतं? मतदानाच्या दिवशी पहाटे फीबी गेली.

हॅना रडली नाही म्हणे. ती हाक मारत होती, एकच नाव, पुन्हा पुन्हा, आणि त्या घराला दार नसल्यामुळे ती हाक सगळ्या गल्लीला ऐकू जात होती. उजाडता उजाडता मार्था बाहेर आली. तिने नवऱ्याची पहार घेतली, स्वतःच्या घराचं दार बिजागऱ्यांतून उखडलं आणि ओढत आणून हॅनाच्या उंबऱ्याशी ठेवलं. पोरीला न्यायला दुसरं काही नव्हतं. ते बघून समोरच्याने आपलं दार काढलं. मग त्याच्या शेजाऱ्याने. आठ वाजता कारभारी आला तेव्हा गल्लीत एकाही घराला दार नव्हतं. आता कोणाकोणाला हाकलायचं ते त्याला कळेना, कारण चाळीस घरं रिकामी केली तर गिरणी कोण चालवणार? चार दिवस आधी गल्लीला हे सुचलं असतं तर! गोष्ट इथे आली की मिसेस डॉसन दर वेळी थांबायच्या. मीही थांबते.

मार्थाच्या दारावर फीबीला ठेवून जोब आणि तीन शेजारी चौकात गेले. मागून सगळी गल्ली. मतदानाच्या दिवशी चौकात फुकटची बीअर वाहायची, आरडाओरडा चालायचा. दार येताना दिसलं तसा एकेक जण गप्प होत गेला. जोब मंचावर चढला. कारभाऱ्यानेच मागणी केली, याला प्रश्न विचारा. अधिकाऱ्याने पहिला विचारला, दुसरा विचारला. तिसरा विचारताना त्याची नजर खाली दारावर गेली, पण विचारणं भाग होतं. "ज्या घरावर मत आहे, त्या घरात अजून राहता का?"

जोब म्हणाला, "राहतो. माझी मुलगी शेवटपर्यंत तिथेच राहिली."

मग त्याने डॉक्टरचं नाव घेतलं आणि तो खाली उतरला.

गावात कोणालाही विचारा, तो सांगेल की डॉक्टर एका मताने निवडून आला आणि ते मत जोबचं. मीही कित्येक वर्षं पाहुण्यांना तसंच सांगायचे. निवृत्त झाल्यावर एकदा वाचनालयात जाऊन ती जुनी छापील यादी काढून बघितली. डॉक्टर एकेचाळीस मतांनी पडला होता. यादीत जोबचं नाव आहे, पुढे 'बूट बनवणारा' असं लिहिलंय आणि मत कोणाला तेही. मला इतका राग आला, की यादी मिटून तशीच घरी आले. गरीबखाना पुढे कित्येक वर्षं चालू राहिला. हॅनाच्या बहिणीचं काय झालं ते कोणाला माहीत नाही. मार्चमध्ये क्रॉसडेलने जोबला रीतसर घराबाहेर काढलं आणि नवरा-बायको डोंगरापलीकडे निघून गेली. जाताना हॅनाने गल्लीतल्या कोणाकडेही वळून पाहिलं नाही म्हणे.

फीबीला पुरेपर्यंतचे तीन दिवस गल्लीने दारं बसवली नाहीत. त्या तीन दिवसांत एकही मूल शिंकलं नाही असं सांगतात. मी नर्स आहे, मला हे पटत नाही, पण सांगतात तसं सांगितलं. पुढच्या निवडणुकीला मार्थाने सकाळीच आपलं दार उघडून त्याला दगड लावला. तिला कोणी का म्हणून विचारलं नाही. बाकीच्यांनीही दगड लावले.

पुढे १८७२ साली मत गुप्त झालं. आता कोणाला भ्यायचं कारण उरलं नाही, तरी दारं उघडी राहिली. १९१८ साली ऑर्मब्रिज मतदारसंघच मोडला, गाव शेजारच्या मोठ्या शहराला जोडून टाकलं. तेव्हापासून पार्लमेंटात या गावाचं नाव कोणी घेत नाही. गिरणी बंद पडली, तिथे फ्लॅट झाले. गल्लीत पंजाबी आले, पोलंडचे आले, मी आले.

माझी पहिली निवडणूक १९७४ च्या फेब्रुवारीतली. मला काहीच ठाऊक नव्हतं. नवरा कामावर, पोर चार महिन्यांची, खोकून बेजार झालेली. मी कडी लावून बसले होते. दुपारी दार वाजलं. परक्या मुलखात अवचित दार वाजलं की माणूस आधी कडी तपासतो. मी पोरीच्या तोंडावर हात ठेवला आणि दारामागे श्वास धरून उभी राहिले. पुन्हा वाजलं. मी उघडलं नाही. माणूस गेलं असेल म्हणून अर्ध्या तासाने खिडकीतून डोकावले तर ऐंशीला आलेल्या मिसेस डॉसन माझ्या पायरीवर बसलेल्या, टोपीवर बर्फ. घाबरून दार उघडलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बाळ खोकताना ऐकू आलं. माझ्याकडे मागच्या खोलीत शेगडी पेटलीय, घेऊन चल." त्या शेगडीपाशी बसून ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली. पोर मांडीवर झोपली होती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

त्या चौकटीशी दार टेकवायचा दगड दिसतोय ना, तो त्यांचा. जाताना मला देऊन गेल्या. मतदारसंघ गेला, गिरणी गेली, क्लेगचं नाव थडग्यावरसुद्धा उरलं नाही. तरी आजही मतदानाच्या दिवशी या गल्लीत कोणी दार लावत नाही, आणि मागच्या एका खोलीत शेगडी पेटलेली असते. या वर्षी ती माझ्याकडे आहे. तुमच्यातली ती छोटी मघापासून खोकतेय, ऐकलंय मी. या आत. आणि शेवटी येणाऱ्याने सवयीने दार लोटू नका.