भागाक्काने सांधलेली जाळी

फार वर्षं झाली, उंबरठाणात तेव्हा वीजसुद्धा आली नव्हती. गावाच्या स्मशानात प्रेत जाळायला बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, मोठी जाळी होती. ओढ्याकाठच्या पालांत भागाक्का घिसाडी राहायची. ती आणि तिचा नवरा सोपान कार्बाइडच्या टाकीवर वेल्डिंग करायचे. गावातले निम्मे नांगर त्यांनीच सांधलेले.

भर श्रावणात सोपान वारला. भागाक्काने जाळी मागितली. सर्जेराव पाटलाने सांगितलं, ती गावची आहे, पालातल्यांची नाही. मग तिने नवऱ्याला चिखलात जाळलं. ओली लाकडं पेटेनात, दोन दिवस लागले. ती रडली नाही. तिच्या अंगावर पडलेला पाऊस रागाने वाफ होऊन उडायचा, असं म्हणतात.

त्याच महिन्यात जाळी मधोमध तडकली. तालुक्याचे कारागीर आले. त्यांनी सांधली की गार होताना ती पुन्हा ताडकन तुटायची. इकडे पाटलाचा बाप शेवटच्या घटका मोजत होता. पाटील पालावर आला.

भागाक्का म्हणाली, "सांधते. आधी सांग, जाळी कुणाची?"

ती टाकीला टेकून उभीच राहिली. दिवस बुडायला आला तेव्हा तो म्हणाला, "सगळ्यांची, अक्का."

"चावडीवर म्हण."

त्याने चावडीवर, गावासमोर म्हटलं.

मग तिने अख्खी जाळी कोळशात लाल केली, सांधली आणि गरम राखेत पुरली. बीड घाईने गार केलं तर तुटतं. पाटील रोज विनवायचा, ती राखेला हात लावू द्यायची नाही. म्हातारा तीन दिवस श्वास धरून राहिला, असं म्हणतात.

चौथ्या दिवशी सकाळी जाळी अखंड निघाली. त्याच सकाळी पालातली जनाई वारली. तिला कुणी नव्हतं. दुपारी पाटलाचा बाप गेला. त्याची तिरडी स्मशानात आली तेव्हा जाळीवर जनाई जळत होती आणि पुढे भागाक्का हातोडा घेऊन उभी होती.

"थांबा," ती म्हणाली. "आम्हीही थांबलो होतो."

पाटलाचा बाप दुसऱ्या दिवसापर्यंत लिंबाखाली पडून राहिला.

भागाक्काने मरेपर्यंत त्या गावचं पाणी घेतलं नाही. तिचा सांधा मात्र आजवर सुटला नाही, असं म्हणतात. आजही उंबरठाणाच्या स्मशानात मयताचं आडनाव विचारत नाहीत. कुणी नवख्याने विचारलंच, तर सरण रचणारा हातातलं लाकूड खाली ठेवतो, आणि विचारणारा फाटकाबाहेर जाईपर्यंत ते पुन्हा उचलत नाही.