अच्युतने धाडलेला पत्ता

"आता तरी दीक्षा देणार ना, महाराज? घर सोडून सहा महिने झाले. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही मी."

महाराज तांदूळ निवडत होते. टेकडीवरच्या त्या मठात स्वयंपाक तेच करत.

"पाहुणे तर येऊ देत," ते म्हणाले.

पाहुणे अच्युतनेच बोलावले होते. घर सुटलं, पण आपला दीक्षाविधी चार लोकांनी पाहावा ही हौस काही सुटली नव्हती. सकाळीच त्याने टॅबवरून सगळ्यांना नकाशातलं ठिकाण धाडलं होतं.

ऊन कललं, तेव्हा दामले मास्तर एकटेच धापा टाकत वर आले.

"अहो अच्युतराव, तुमच्या नकाशाने आम्हाला थेट चिपळूणला नेलं. तुमच्या घरी! बाकीची मंडळी कंटाळून तिथूनच परतली, मी तेवढा विचारत विचारत इथवर आलो. आईंनी सगळ्यांना पोहे केले हो."

अच्युतने टॅबवर थाप मारली. "बिघडलाय मेला."

"आपण कुठे आहोत, ते त्याला कळतं कसं?" महाराजांनी विचारलं.

असलं काही समजावून सांगायला अच्युतला भारी आवडे. "यात उपग्रहाचा इशारा पकडणारं यंत्र नाही, महाराज. जवळपास वाय-फायचे कोणते डबे आहेत, ते हा चाचपतो. कुठला डबा कुठे असतो, याची नोंद आधीच झालेली असते. डबा ओळखीचा निघाला, की जागा कळली."

"मग इथला डबा कुठला?"

"तो..."

मठात इंटरनेटची तार होती, डबा नव्हता; म्हणून घर सोडतानाच अच्युतने घरचा डबा उचलून आणला होता. आपली प्रवचनं जगभर जायला हवीत ना! आईला विचारलंही नव्हतं.

"आई... काही म्हणाली?" मास्तरांकडे न बघताच त्याने विचारलं.

"तक्रार नाही हो. मस्कतच्या लेकीचं तोंड सहा महिन्यांत व्हिडिओ कॉलवर दिसलं नाही, एवढंच बोलल्या. आणि तुम्ही वेळेवर जेवता का, ते दोनदा विचारलं."

अच्युतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो उठला, डब्याची वायर उपटली, डबा महाराजांच्या पुढ्यात ठेवला. टॅबवरचं चक्र बराच वेळ फिरलं आणि अक्षरं उमटली : ठिकाण सापडत नाही.

"चुकलो, महाराज. आता हा घरचा पत्ता दाखवत नाही."

महाराज उठले. आत गेले आणि कोरं भगवं वस्त्र घेऊन आले.

अच्युतने डोळे मिटून मान झुकवली. खांद्यावर वस्त्र पडायची वाट पाहत राहिला.

...

डोळे उघडले, तेव्हा महाराजांनी त्या वस्त्रात डबा गुंडाळला होता. वर घट्ट गाठ मारून त्यांनी ते गाठोडं त्याच्या हातात दिलं.

"आणि मी काय नेसू, महाराज?" त्याने विचारलं.

"गाठ आईला सोडू दे."