पहाऱ्यावरचा प्रश्न

सुभेदार हैबतराव खराडे फौजेतून निवृत्त झाले आणि एका मराठी वाहिनीवर मुलाखती घेऊ लागले. झुपकेदार मिशा, खणखणीत आवाज आणि सरळ प्रश्न, एवढ्यावर कार्यक्रम गाजला. एकदा थेट प्रक्षेपणात आरोग्यमंत्री विश्वंभरराव दाभाडकर पाहुणे म्हणून आले. वाहिनीच्या मालकांनी आधीच बजावलं होतं, “मंत्री नाराज झाले, तर तुमचा कार्यक्रम बंद!”

मंत्र्यांनी वीस मिनिटं स्वतःच्या त्यागाचं वर्णन केलं. देशसेवेपायी बिचाऱ्यांना परदेश दौरेसुद्धा करावे लागले होते. खराड्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “साहेब, आमच्या तालुक्यातल्या रुग्णालयाचं भूमिपूजन तुम्ही तीनदा केलंत. ते सुरू कधी होणार?”

मंत्री छद्मी हसले. “सुभेदार, शिपायानं हुकूम पाळायचा असतो. प्रश्न विचारायला तुम्हाला कुणी शिकवलं?”

स्टुडिओतले प्रेक्षक खुर्चीत पुढे सरकले. नियंत्रण कक्षाच्या काचेमागून मालकांनी खराड्यांना हात जोडले.

“फौजेनंच शिकवलं, साहेब,” खराडे नम्रपणे म्हणाले. “बावीस वर्षं सीमेवर पहारा दिला. समोर कुणी हललं की आधी प्रश्नच विचारायचो, ‘थांब, कोण आहे?’ उत्तर आलं नाही, तर बंदूक उचलायचो. आज जवळ बंदूक नाही, म्हणून प्रश्नच पुन्हा विचारतो. रुग्णालय कधी सुरू होणार?”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मंत्र्यांनी रुमालानं कपाळ पुसलं.

“मार्चमध्ये,” ते पुटपुटले.

“बरं,” खराडे म्हणाले, “आणि साल कोणतं?”