रेंजचा दगड

“मी कुणाचं काय चोरलंय, बुवा?”

अंकुश कंक टेकडी चढून आला होता. धाप लागली होती, तरी तोंडातून पहिला सवाल हाच निघाला.

बाळनाथबुवा वाघजाईच्या देवळामागच्या दगडावर बसले होते. डोळे मिटलेले.

“माझा तांदूळ मी फोनवरून विकतो. पुण्याची माणसं व्यापाऱ्याच्या तिप्पट भाव देतात. डोकं माझं, मेहनत माझी. मग गावाच्या पोटात का दुखतं?”

“कुणाच्या?”

“सगळ्यांच्या! माझं भात कापून शेतात पडलंय. वर आभाळ भरलंय. आज-उद्या झोडलं नाही तर जागेवर कुजेल. मजुरी देतो म्हटलं, तरी एक माणूस फिरकत नाही!”



आता इथली रीत सांगायला हवी. या डोंगरात भात झोडायला कुणी मजूर लावत नाही. सावड असते. आज सगळे तुझ्या खळ्यावर, उद्या सगळे माझ्या. अंकुशही जायचा पूर्वी. मग ऑर्डरी वाढल्या आणि साहेबांना सवड होईना. दोन वर्षं झाली, तो कुणाच्या खळ्यावर फिरकला नव्हता. हे मात्र त्यानं बुवांना सांगितलं नाही.

“जळतात माझ्यावर. दुसरं काय!”

बुवांनी एक डोळा उघडला.

“तू रोज वर येतोस. माझ्यासाठी, की रेंजसाठी?”

अंकुश ओशाळला. साऱ्या खोऱ्यात मोबाइलला रेंज मिळायची ती ह्याच दगडावर. खाली उतरलं की गेली. दगड एका माणसापुरताच आहे, असं अंकुश येईल त्याला सांगत असे. आणि तो त्यावर ऐसपैस मांडी ठोकून बसला की ते पटायचंही.

“दोन्हींसाठी,” तो म्हणाला. “बुवा, जरा उठता का? एका सोसायटीची मोठी ऑर्डर आहे. दिवस मावळायच्या आत होकार द्यायचाय.”

“दगड तुझा?”

“नाही.”

“रेंज?”

“ती कशी माझी असेल?”

“मग मी का उठू?”

अंकुश फोन हातात धरून दगडाभोवती घिरट्या घालत राहिला. पश्चिमेला ढग काळे होत चालले होते.

तेवढ्यात चांगुणाकाकी वर आली. डोक्यावर तांदळाचं गाठोडं. तिचं हळवं, लवकर पिकणारं भात आधीच निघालं होतं, भरडूनही झालं होतं. अंकुश गावातल्या चार घरांचा तांदूळ विकत घ्यायचा, व्यापाऱ्याच्याच भावानं. मग तो पिशव्यांत भरायचा. पिशवीवर अंकुशचा फोटो, फेटा बांधलेला. गड्यानं लग्नातसुद्धा फेटा बांधला नव्हता.

“घरी न्हवतास, म्हून हितं आले बाबा,” काकी म्हणाली. “घे की तेवढा. गुडघं गेलं माझं.”

बुवा एका अंगाला सरकले.

“ये गं चांगुणा. टेक इथं.”

काकी बसली. बुवांनी अंकुशपुढं हात पसरला. अंकुशनं मुकाट्यानं फोन दिला, आणि तो हातात येताच वाजायला लागला. सोसायटीच्याच बाईंचा.

बुवांनी तो काकीच्या कानाला लावला.

“मी व्हय? मी चांगुणा… तांदूळ? माझ्याच रानातला. कातळाखालचं खाचर हाय आमचं. झऱ्याचं पानी येतं त्याला… व्हय व्हय, हातानंच लावलेला.”

पलीकडची बाई आनंदून मोठ्यानं बोलत होती. अंकुशला सगळं ऐकू येत होतं.

“काकू, दोन वर्षांपासून तुमचाच भात खातोय म्हणजे आम्ही! वास किती छान येतो हो! आम्ही देतो तो भाव परवडतो ना तुम्हाला?”

“कोंचा भाव?”

काकीनं अंकुशकडं पाहिलं.

व्यापाऱ्याचा भाव जिभेवर तयार होता. तो सांगितला असता तर कुणाला पत्ता लागला नसता…

बुवा पुन्हा डोळे मिटून बसले होते.

त्यानं खरा भाव सांगितला. हळू आवाजात, जमिनीकडं बघत.

काकीनं त्याच्यावर डोळे वटारले. मग फोनमध्ये म्हणाली, “परवडतो गं बाई. चांगला परवडतो.”

फोन बंद झाला आणि तोफ सुटली.

“मुडद्या! ह्या हातांनी न्हाऊ घातलंय तुला! दोन वर्सं माझ्याच तांदळावर फेटा बांधून मिरवतोस व्हय रे?”

अंकुशच्या डोळ्यांत पाणी आलं. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर छातीवरचं ओझंही उतरलं.

“चुकलो, काकी. ही ऑर्डर तुझी. पिशवीवर नाव तुझं, भाव तुझा. फोन कसा चालवायचा तेही शिकवतो.”

“शिकवशील न्हाईतर काय करशील!” काकी गुरगुरली. मग तिनं आभाळाकडं बघितलं. “तुझं भात अजून पडूनच हाय न्हवं?”

“हो.”

“उद्या उजाडायला मानसं घिऊन येते. पन परवा तू धाकलूच्या खळ्यावर. चुकलास तर बघ.”

“येतो. शप्पथ येतो.”

काकीनं पदरानं तोंड पुसलं. पुढच्याच क्षणी ती उठून उभी राहिली आणि खालच्या वाडीकडं तोंड करून हाळी दिली, “ए सोनाबाय! धाकलू! तांदूळ घिऊन वर या रं, खरा भाव हितं मिळतोय!”

खालून कुणीतरी ओ दिली. पाठोपाठ चढणीवर माणसं दिसू लागली. अंकुश गडबडला.

“बुवा, एवढे सगळे? पण ह्या दगडावर एकालाच जागा आहे…”

काकी पुन्हा बुवांशेजारी टेकली. बुवा आणखी थोडे सरकले, आणि मोकळ्या जागेवर हात थोपटून म्हणाले,

“असं तुला दगडानं सांगितलं?”