वरची दोन बोटं माती

कुंड्यांना अजून वाचा होती तेव्हाची गोष्ट. कोकणातल्या एका रोपवाटिकेत शेवंतीची मुळं चिकट मातीत दोनदा कुजली. म्हणून तिथल्या मयेकरकाकूंनी नवी कुंडी घेतली आणि नारळाच्या सोडणांचा, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालांचा, भुसा धुऊन तिच्यात भरला.

"हा कचरा?" शेवंती कडाडली. "काकू, सोडणं अंघोळीच्या बंबात घालतात! भुशात बसण्यापेक्षा मी वाळून जाईन."

ती तोंड फिरवून बसली, तेवढ्यात काकूंनी तिला भुशातच लावलं आणि वरून दोन बोटं लाल माती पसरली.

दोन महिन्यांत शेवंती फुलांनी लगडली. शेजारच्या कुंड्यांना ती रोज मातीचं माहात्म्य ऐकवू लागली. ऐकून ऐकून वरच्या मातीलाही ते पटलं.

एका मुंगीला राहवेना. ती खाली उतरून भुशाला म्हणाली, "अरे, सगळी मुळं तुझ्यात आहेत. एकदाचं सांगून टाक की!"

"सांगितलं तर ती हट्टाने वाळेल," भुसा म्हणाला, "आणि मी बंबात जाईन."

इतक्यात वरून शेवंती ओरडली, "कोण कुजबुजतंय खाली? माझी माती आहे ती, जरा अदबीने!"

"हो बाईसाहेब," भुसा म्हणाला, आणि त्याने मुळांना आणखी थोडं पाणी दिलं.