साळिंदरशास्त्र्यांचं न झालेलं खंडन

माणसांनी शाळा काढायच्या कितीतरी आधी, एका बेहड्याच्या झाडाखाली साळिंदरशास्त्री तत्त्वज्ञान शिकवत. झाड म्हणजे मूळ, हे त्यांचं मत. झाड म्हणजे फांदी, असं म्हणणाऱ्या वानरांना ते रोज दिवस कलताना हरवत. सभेचा एक नियम होता. खोडून काढण्याआधी समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं, की त्यानेच मान डोलवावी.

एकदा नवी आलेली खार म्हणाली, "शास्त्रीबुवा, वानरं तर वीस वर्षांपूर्वीच हे रान सोडून गेली. मग मान कोण डोलवतं?"

शास्त्रीबुवांचे काटे उभे राहिले. "मग तुझं मत सांग, पोरी. तेही खोडून काढतो."

"झाड म्हणजे कुणीतरी पुरून विसरलेली बी."

"म्हणजे झाड हे बी, असं तुझं म्हणणं."

"नाही. बी तर मी खाते."

"मग विसरणं म्हणजे झाड?"

"तेही नाही, बुवा."

शिष्य हसू दाबू लागले. शास्त्रीबुवांनी बुंध्याजवळची माती नखांनी उकरून पाहिली. मग सावकाश म्हणाले, "मूळ आणि फांदी नंतरची. बी पुरणारी खार ती खायला परतली असती, तर हे झाड उगवलंच नसतं. म्हणजे झाडात ती विसरणारीही आली."

खारीने मान डोलावली.

आता खोडायची पाळी. शास्त्रीबुवांनी तोंड उघडलं, वर बेहड्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. "उद्या सांगतो," एवढंच ते म्हणाले.

वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना उद्याचं उत्तर ठाऊक नव्हतं, आणि घरी जाताना त्यांचे पाय मात्र भराभर पडत होते.